‘सर्वव्यापी’ म्हणजे जागा व्यापणारा का? देकार्त, हेन्री मोर आणि माझं अडलेलं एक वाक्य

पानगळ | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय आणि चार दिवस एकाच वाक्यात रुतून बसलेय. तत्त्वज्ञानवाले आणि भाषावाले, दोघांचीही मदत हवी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ११ डिसेंबर १६४८ रोजी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजातल्या हेन्री मोर नावाच्या चौतिशीच्या माणसाने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्र धाडलं. देकार्त तेव्हा बावन्न वर्षांचा, युरोपभर नाव झालेला. पत्राच्या सुरुवातीला मोरने स्तुतीची अगदी पखरण केली आहे, आणि मग हळूच चिमटा काढलाय. देकार्तने १६४४ सालच्या ‘प्रिन्सिपल्स’ या ग्रंथात लिहिलं होतं की पदार्थाचा रंग, वास, कठीणपणा, वजन सगळं बाजूला काढलं तरी लांबी-रुंदी-खोली उरते, तेव्हा विस्तार (एक्स्टेन्शन) हेच पदार्थाचं सार. इतकं की जिथे विस्तार तिथे पदार्थ असलाच पाहिजे, रिकामी जागा असूच शकत नाही. मन विचार करतं, पण त्याला लांबी-रुंदी नाही. आणि देवाला तर नाहीच नाही.

मोर म्हणतो, देव सगळीकडे आहे हे तुम्हालाही मान्य. पदार्थाला गती त्याने दिली हेही मान्य. मग जो कुठेच पसरलेला नाही तो पदार्थाला भिडला कसा आणि ढकललं कसं? तेव्हा देवालाही विस्तार आहे असं म्हणा आणि पदार्थाची व्याख्या दुसरी शोधा.

आता माझं वाक्य. देकार्तची बाजू मी अशी लिहिली: ‘ईश्वर सर्वव्यापी आहे, मात्र त्याला विस्तार नाही.’ नवऱ्याला वाचून दाखवलं. तो इस्त्री करत होता. मान वर न करता म्हणाला, “मग व्यापतो काय?”

तेव्हापासून झोप उडालीय. दोष माझ्या मराठीचा आहे, की देकार्तच्याच म्हणण्यात भोक आहे?

---

दीड शहाणा | सोमवार, रात्री १०.५२

एक्स्टेन्शन म्हणजे बिल्डरने गॅलरी आत घेऊन दिलेली खोली. देवाला परवडेल की नाही, सांगता येत नाही.

(हलके घ्या. वाचनखूण साठवली.)

---

तर्ककर्कश | सोमवार, रात्री ११.३०

पानगळताई, छान धागा. आधी शब्दाचं बघू. ‘व्याप्ती’ अजिबात वापरू नका. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, तो शब्द कधीच बुक करून ठेवलाय: जिथे धूर तिथे अग्नी, या नित्य संबंधाला व्याप्ती म्हणतात. ‘विस्तार’च बरा.

पण तुमच्या यजमानांनी इस्त्री फिरवत जे विचारलं तोच मोरचा प्रश्न आहे. देकार्तने ५ फेब्रुवारी १६४९ ला उत्तर दिलं. त्याचा आशय असा: विस्तारित वस्तू मी तिलाच म्हणतो जिचे भाग कल्पनेत एकमेकांबाहेर ठेवता येतात, हा इकडचा, तो तिकडचा, प्रत्येकाला आपला आकार आणि आपली जागा. देव, देवदूत, आपलं मन यांच्या बाबतीत असं काही कल्पिता येत नाही. ही सामर्थ्यं आहेत. ती विस्तारित वस्तूंवर काम करतात, स्वतः विस्तारित नसतात. आणि इथे तो एक दाखला देतो: तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो, म्हणून अग्नी काही लोखंड होत नाही.

खरी मेख कुठे आहे बघा. विस्तार आला की भाग आले, भाग आले की तुकडे होऊ शकतात, आणि ज्याचे तुकडे होऊ शकतात तो देव कसला? या भीतीने देकार्त विस्तार नाकारतोय. मोरला ती भीती नाही, कारण त्याच्या मते विस्तार असूनही अखंड राहता येतं. चिरता येणं हा फक्त जड पदार्थाचा स्वभाव. जड आणि चैतन्य यांत फरक विस्ताराचा नाहीच, फरक हा की जड वस्तू दुसरीला आत शिरू देत नाही आणि तिला चिरता येतं. चैतन्य आरपार जातं आणि चिरता येत नाही.

---

खडूस काका | मंगळवार, सकाळी ६.१५

तापलेल्या लोखंडाचा दाखला आमच्या वेदान्तात कधीपासून आहे. तप्त अयःपिंड. लोखंड गोल आहे म्हणून अग्नी गोल दिसतो, अग्नी जाळतो म्हणून लोखंड जाळतंय असं वाटतं. सतराव्या शतकात फ्रान्सला शोध लागला होय? चालू द्या.

---

हळदकुंकू | मंगळवार, सकाळी ९.०२

आलं का ‘आमच्याकडे आधीच होतं’! सहाव्या प्रतिसादाच्या आत येणार अशी पैज मी मनाशी लावलीच होती. काका, तिसऱ्यालाच जिंकवलंत.

---

तर्ककर्कश | मंगळवार, सकाळी ९.४०

काका, दाखला एकच आहे हे खरं आणि छान पकडलंत. पण काम वेगळं आहे. वेदान्तात तो एकाचे धर्म दुसऱ्यावर कसे लादले जातात, म्हणजे अध्यास, हे दाखवायला येतो. देकार्तला फक्त एवढंच म्हणायचंय की एका ठिकाणी असूनही दोन गोष्टी दोनच राहतात. विस्तव एक, चुली वेगळ्या.

---

काजूवाला | मंगळवार, दुपारी १.२०

मी वेंगुर्ल्याचा. घरचा काजूचा धंदा, तत्त्वज्ञानाशी संबंध शून्य. पण ‘रिकामी जागा असूच शकत नाही’ हे वाचून थांबलो, कारण आमच्याकडे दिवसभर हवा काढायचंच काम चालतं. पिशवीत काजू भरायचे, तोंड मशीनच्या पट्टीवर ठेवायचं, झाकण लावायचं. पंप घरघरतो आणि झाकण उघडताच पिशवी काजूला अशी चिकटते की एकेका काजूचा बाक वरून मोजता येतो. मध्ये काही उरलंच नाही म्हणून दोन्ही बाजू भेटल्या, असंच कोणीही म्हणेल. त्या देकार्तला हेच म्हणायचंय का?

---

घाटमाथा | मंगळवार, दुपारी ३.०५

काजूवाले, तुम्ही नकळत ‘प्रिन्सिपल्स’च्या दुसऱ्या भागातलं अठरावं कलम सांगितलंत! तिथे देकार्त विचारतो, देवाने एखाद्या भांड्यातला सगळा पदार्थ काढून टाकला आणि त्या जागी दुसरं काहीच येऊ दिलं नाही तर काय होईल? उत्तर: भांड्याच्या बाजू एकमेकींना लागतील. कारण दोन बाजूंमध्ये ‘अंतर’ आहे असं म्हणताय, तर ते अंतर कशाचं? काहीच नसलेल्याला तीन इंच लांबी कशी असेल? लांबी आहे म्हणजे लांब असलेलं काहीतरी आहे.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. तुमची पिशवी चिकटते ती बाहेरच्या हवेच्या दाबाने. पिशवीऐवजी जाड स्टीलचा डबा घ्या आणि पंप लावा. बाजू भेटत नाहीत. देकार्त म्हणेल, डब्यात सूक्ष्म पदार्थ शिरला, तुम्हाला दिसत नाही एवढंच. काचेच्या छिद्रांतूनही शिरतो म्हणे.

आणि वेळ बघा. इटलीच्या तोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीत वर उरलेली जागा खरंच रिकामी आहे का, यावरून तेव्हा युरोपभर वाद पेटला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम डोंगरावर चढवलं ते १९ सप्टेंबर १६४८ ला. वर जाताना पारा उतरला, म्हणजे त्याला तोलून धरते ती बाहेरची हवा. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत मोरचं पत्र. त्याच्या आदल्या वर्षी देकार्तने आपल्या डच मित्राला, ह्युगेन्सला, लिहिलं होतं की पास्कालच्या डोक्यातच पोकळी जरा जास्त आहे.

---

दीड शहाणा | मंगळवार, दुपारी ३.११

हसून हसून पुरेवाट. मेहुण्याला डोंगरावर चढवून आपण खाली बसायचं, याला म्हणतात सामर्थ्याने उपस्थित राहणं!

---

पानगळ | मंगळवार, रात्री ९.५५

सगळ्यांचे आभार. भांड्याच्या दाखल्यावर मोरने काय म्हटलं ते माझ्या लेखात आहे: भांड्यातला पदार्थ काढला तरी बाजू भेटायची गरज नाही, कारण मध्ये देवाचा विस्तार आहेच. म्हणजे रिकामा डबा खरं तर देवाने भरलेला! वाचून मी आमच्या फडताळातल्या रिकाम्या डब्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

पुढे १६७१ च्या लॅटिन ग्रंथात तर त्याने यादीच दिली. एक, अचल, नित्य, स्वयंसिद्ध, अनंत, अनिर्मित, सर्वत्र असलेलं, अशरीर... अशी वीसेक विशेषणं, जी देवाला लागू पडतात तशीच अवकाशालाही. आणि आत्मा-देव कुठेच नसतात म्हणणाऱ्या देकार्तपंथीयांना त्याने लॅटिन ‘नुलिबी’वरून, म्हणजे ‘कुठेच नाही’वरून, एक चिडवायचं नाव ठेवलंय. मी आत्ता ‘नकुठेवादी’ केलंय. काहीतरी चटपटीत सुचवा.

---

हळदकुंकू | मंगळवार, रात्री १०.०३

बेपत्तावादी.

---

पानगळ | मंगळवार, रात्री १०.०४

घेतलं!!

---

चष्मेघर | बुधवार, सकाळी ११.१०

डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटतंय, म्हणून मीच काढतो. माझं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. लहानपणी काच हाताने घासताना पाहिली आहे. लोखंडी साचा, त्यावर पाणी आणि कुरुंदाची पूड, आणि वर काच गोल गोल फिरवत राहायची. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी तांबड्या पुडीने पॉलिश. वडिलांच्या बोटांच्या पेरांत राखाडी चिखल बसलेला असायचा, तो जेवताना सुद्धा पूर्ण निघत नसे. स्पिनोझा याच कामावर पोट भरायचा. १६५६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलेला माणूस. पुढे हायडेलबर्गच्या प्राध्यापकीचं बोलावणं आलं तेही नाकारलं. ४४ व्या वर्षी फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. काचेची धूळ कारण होती का, कोण सांगणार, पण आमच्या घरात त्या कामानंतरचा खोकला मी ऐकलाय.

त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १६७७ मध्येच, मित्रांनी छापलं. त्यातलं एक विधान मी दुकानातल्या वहीत लिहून ठेवलंय: विस्तार हा ईश्वराचा गुणधर्म आहे, म्हणजेच ईश्वर ही विस्तारित वस्तू आहे. ‘एथिक्स’चा दुसरा भाग, दुसरं विधान. मोर जे भीत भीत म्हणत होता ते याने सरळ भूमितीच्या सिद्धांतासारखं मांडलं.

---

ताकभात | बुधवार, दुपारी १२.४५

मग हे अद्वैतच झालं की. सर्व काही तोच. मला तर स्पिनोझा वाचताना ज्ञानेश्वरच आठवतात.

---

तर्ककर्कश | बुधवार, दुपारी २.३०

ताकभात, अर्धं सहमत. शांकर अद्वैतात हा पसरलेला पसारा शेवटी मिथ्या ठरतो. स्पिनोझाला विस्तार मिथ्या नाही. विचार जितका देवाचा तितकाच विस्तारही. ज्ञानेश्वरांचा चिद्विलास जास्त जवळचा वाटतो हे मान्य, कारण तिथे जग नाकारलेलं नाही. पण तिथेही विलास चैतन्याचाच. स्पिनोझाकडे विस्तार चैतन्यातून निघत नाही, दोन्ही एकाच द्रव्याचे बरोबरीचे गुणधर्म.

आता तुकड्यांची अडचण तो कशी सोडवतो ते बघण्यासारखं आहे. पहिल्या भागातल्या पंधराव्या विधानाच्या टिपेत तो पाण्याचा दाखला देतो. पाणी म्हणून पाहिलं तर त्याचे भाग होतात, ते उत्पन्न होतं, नासतं. पण द्रव्य म्हणून पाहिलं तर ना भाग, ना जन्म, ना नाश. तुकडे करते ती कल्पनाशक्ती. बुद्धीने पाहिलं की विस्तार अनंत, एक आणि अखंड. आणि गंमत म्हणजे याला पुरावा म्हणून तो देकार्तचंच ‘पोकळी नसते’ वापरतो: भाग खरोखर सुटे असते तर एक नाहीसा होऊन बाकीचे जागच्या जागी राहिले असते. तसं होत नाही, म्हणजे ते सुटे नाहीतच. देकार्तच्या दारूगोळ्याने देकार्तचाच किल्ला पाडला.

त्याच्यावरची सगळ्यात खट्याळ टीका फ्रेंच विचारवंत पिएर बेलची, १६९७ च्या त्याच्या कोशातली. सगळं देवाचेच प्रकार असतील तर ‘जर्मनांनी दहा हजार तुर्क मारले’ असं म्हणणं चूक, म्हणायला हवं की जर्मन-रूप झालेल्या देवाने दहा हजार तुर्क-रूप झालेल्या देवाला मारलं!

---

दीड शहाणा | बुधवार, दुपारी २.४४

म्हणजे या धाग्यावर खडूस-काका-रूप देव हळदकुंकू-रूप देवाशी भांडतोय आणि दीड-शहाणा-रूप देव पॉपकॉर्न खातोय. पॉपकॉर्नही तोच. विस्तारित.

---

बखरवाचक | बुधवार, सायंकाळी ७.२५

बेलच्या त्याच स्पिनोझावरच्या नोंदीत आपल्याकडचा एक धागा आहे. ‘आमच्याकडे आधीच’ म्हणून नव्हे, इतिहास म्हणून सांगतो.

फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य. देकार्तचा प्रतिस्पर्धी गासेंदी, त्याचा शिष्य. सुरतेला उतरला आणि पुढे मोगल दरबारात कित्येक वर्षं राहिला. परत जाताना १६६७ मध्ये इराणातल्या शिराझहून त्याने एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात पंडितांचं मत सांगितलंय: ईश्वराने जग स्वतःतूनच काढलं, जसा कोळी आपल्या नाभीतून जाळं काढतो आणि मनात येईल तेव्हा परत आत ओढतो. उपनिषदांतला ऊर्णनाभी, म्हणजे कोळीच हो! बर्निएला हे अजिबात पटलं नाही. माणसाच्या डोक्यात काय काय वेडगळ शिरू शकतं, या सुरात तो लिहितो. बेलने ते उचलून स्पिनोझाच्या शेजारी ठेवलं: बघा, ही कल्पना जुनी आणि दूरदूर पसरलेली आहे.

म्हणजे स्पिनोझा आणि अद्वैत यांची सांगड आज ताकभात यांनी घातली नाही, ती सतराव्या शतकातच घातली गेली. फक्त दोघांना एकाच काठीने झोडायला.

---

खडूस काका | बुधवार, सायंकाळी ७.५०

बघा. मी काही बोललो नाही.

---

उसाचा फड | बुधवार, रात्री ११.१५

सांगलीकडून. गाळपाचे दिवस आहेत, त्यामुळे उशिरा वाचतोय. आम्ही जैन. आजोबा रोज ‘तत्त्वार्थसूत्र’ वाचायचे, त्यातलं कानावर पडलेलं सांगतो, चुकलं तर तर्ककर्कशांनी कान धरावा.

पानगळताई, तुम्ही ज्या शब्दासाठी अडलाय तो आमच्याकडे तयार आहे: अस्तिकाय. ‘काय’ म्हणजे प्रदेशांचा, म्हणजे जागेच्या सूक्ष्म बिंदूंचा, समूह, पसरलेपण. सहा द्रव्यांपैकी पाच अस्तिकाय: जीव, पुद्गल, धर्म, अधर्म (इथे अर्थ गतीचं आणि स्थिरतेचं माध्यम) आणि आकाश. काळ मात्र नाही, कारण तो असा पसरत नाही. लक्षात घ्या, जीवसुद्धा पसरलेला आहे! मग जडाचं, म्हणजे पुद्गलाचं वेगळेपण कशात? स्पर्श, रस, गंध, वर्ण यांत. तर्ककर्कशांनी वर मोरचं जे सांगितलं, की फरक विस्ताराचा नाही, ते वाचून मी उठून बसलो.

आणि जीव लहान-मोठा कसा होतो? दिव्यासारखा. दिवा घागरीत ठेवा, उजेड घागरीएवढा. खोलीत ठेवा, खोलीएवढा. मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. आजोबा हे सांगताना समईवर हात धरून सावली लहान-मोठी करून दाखवायचे.

मात्र जगाचा कर्ता देव आमच्याकडे नाही, त्यामुळे ‘देवाने पदार्थाला ढकललं कसं’ या प्रश्नातून आम्ही सुटलो.

---

तर्ककर्कश | गुरुवार, सकाळी ८.३०

कान धरायचा सोडा, दंडवत. मोरचं चैतन्यही आक्रसतं आणि फुलतं. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसताना अडचण एक आली म्हणून वाट एक निघाली, हे मला ‘कोण आधी’पेक्षा कितीतरी रंजक वाटतं. ‘अस्तिकाय’ भाषांतरात वापरू नये, वाचक थेट जैन दर्शनात जाऊन पडेल. पण धागा इथेच वसूल झाला.

---

घाटमाथा | गुरुवार, दुपारी ४.४०

न्यूटनला विसरू नका, कारण तिथे सगळा खेळ एका शब्दाच्या भाषांतराचाच आहे.

न्यूटनने मोर वाचलेला होता. त्याच्या तरुणपणच्या एका टिपणात, जे १९६२ मध्ये छापलं गेलं, तो देकार्तवर सरळ आरोप करतो: विस्तार म्हणजेच पदार्थ म्हणालात तर नास्तिकतेला वाट मोकळी केलीत. कारण विस्तार तर नित्य आहे, कोणी निर्माण केलेला नाही. मग पदार्थही तसाच होणार, आणि निर्माता हवाच कशाला? त्याच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाच्या १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत शेवटी तो तोलून लिहितो की देव म्हणजे अवकाश नव्हे, पण तो सदैव आणि सर्वत्र असल्यानेच काळ आणि अवकाश आहेत. आणि तो नुसत्या सामर्थ्याने नव्हे, द्रव्यरूपानेही सर्वत्र आहे. पानगळताई, हा टोला कोणाला आहे ते कळलंच असेल.

आता तो शब्द. १७०६ च्या लॅटिन ‘ऑप्टिक्स’मध्ये न्यूटनने लिहिलं की अवकाश हे देवाचं संवेदनस्थान (इंद्रियांनी आणलेलं मन जिथे अनुभवतं ती जागा) आहे. छापून झाल्यावर जीभ चावली असावी, कारण ते पान बदललं आणि ‘तान्क्वाम’ घातलं. म्हणजे ‘जणू’. जणू आपल्या संवेदनस्थानात देव सगळं पाहतो. पण काही प्रती जुन्या पानासकट सुटल्याच! १७१५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने वेल्सच्या राजकन्येला, कॅरोलिनला, पत्र लिहून हाच मुद्दा धरला: देवाला बघायला इंद्रिय लागतं का? न्यूटनच्या बाजूने इंग्रज धर्मोपदेशक सॅम्युएल क्लार्क उतरला आणि म्हणाला, अहो, ‘जणू’ म्हटलंय. पुढे पाच-पाच पत्रं झाली. लायब्निझ म्हणे, अवकाश देवाचा गुणधर्म असेल तर देवाला भाग आले. क्लार्क म्हणे, अनंत अवकाशाचे भाग सुटे करताच येत नाहीत, सुटे करून ठेवणार कुठे? लायब्निझ नोव्हेंबर १७१६ मध्ये वारला म्हणून थांबलं, नाहीतर आजही चालू असतं.

एका ‘जणू’पायी!

---

हळदकुंकू | गुरुवार, दुपारी ५.०५

मी आतापर्यंतचा हिशेब लावला. मोर म्हणतो देकार्तमुळे नास्तिकता येईल. न्यूटन म्हणतो देकार्तमुळेच येईल. लायब्निझ म्हणतो न्यूटनमुळे धर्म ढासळतोय. स्पिनोझाला तर सगळेच नास्तिक म्हणतात. आणि हे सगळे देवाबद्दलच लिहितायत, पानंच्या पानं. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीची मीटिंग अशीच असते.

---

ताकभात | गुरुवार, सायंकाळी ६.३०

मूळ प्रश्न राहिला ना पण. ताईंचं वाक्य!

---

पानगळ | गुरुवार, रात्री १०.२०

राहिला नाही, मी तीन दिवस तेच करतेय. आणि गोम सापडली असं वाटतंय.

देकार्त म्हणतो देवाचा विस्तार सामर्थ्याचा आहे, द्रव्याचा नाही. मी ‘सामर्थ्या’साठी आधी ‘सत्ता’ लिहिलं होतं. ‘ईश्वराची सत्ता सर्वत्र आहे.’ कानाला किती गोड लागतं! आज सकाळी लक्षात आलं की घोळ तिथेच आहे. आपल्या ‘सत्ता’ या शब्दात दोन्ही कोंबलेलं आहे. जुन्या अर्थाने असणं, अस्तित्व. आजच्या अर्थाने अधिकार, हुकमत. देकार्तला नेमके हे दोन वेगळे ठेवायचे आहेत, आणि मोरचं सगळं भांडण हे की जिथे असणं नाही तिथे हुकमत चालेलच कशी. मी ‘सत्ता’ लिहिलं की मराठी वाचकासाठी मोर वाद न घालताच जिंकतो. ‘सर्वव्यापी’चंही तेच. व्यापणं म्हणजे जागा भरणं. शब्दच मोरच्या पक्षात!

बरं, देकार्तही शेवटी नमतं घेतो. ऑगस्ट १६४९ चं त्याचं एक अपुरं उत्तर आहे. सामर्थ्य सर्वत्र दिसायचं तर देवाचं सार सर्वत्र असलंच पाहिजे, हे तो तिथे कबूल करतो. पण विस्तारित वस्तू असते तशा रीतीने नाही, हा हेका कायम. मग तो स्वीडनला गेला, थंडीने आजारी पडला आणि ११ फेब्रुवारी १६५० ला संपलाच. त्यामुळे ‘मग कोणत्या रीतीने?’ हे मोरला सांगायला कोणी उरलं नाही.

---

दीड शहाणा | गुरुवार, रात्री १०.४१

ताई, सोपं आहे. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. माणूस फलाटावर, जागा त्याची. हा देकार्त. सामर्थ्याने हजर, विस्ताराने नाही.

---

काजूवाला | गुरुवार, रात्री १०.५८

पण रुमाल तरी टाकावाच लागतो ना. आणि रुमाल उचलून बसणारे आमच्या गाडीत भरपूर. हा मोर.

---

चष्मेघर | गुरुवार, रात्री ११.१०

आणि स्पिनोझा म्हणणार, सीट, रुमाल, कंडक्टर आणि एसटी सगळं एकच.

---

पानगळ | गुरुवार, रात्री ११.३२

😂 नवऱ्याला रुमाल वाचून दाखवला. म्हणाला, “हां, आता कळलं.” म्हणून वाक्य बदललं:

‘ईश्वर सगळीकडे आहे, पण कुठेही जागा अडवून नाही.’

‘व्यापणं’ गेलं, ‘सत्ता’ गेली. विस्तार हा शब्द फक्त पदार्थासाठी राखून ठेवला, आणि मोर तो देवासाठी मागतो तिथे भांडण वाचकाला आपोआप दिसतं. उद्या संपादकांना पाठवायचंय. पण एक शेवटचा शब्द उरलाय. मोर म्हणतो चैतन्याला लांबी-रुंदी-खोलीशिवाय चौथी मिती असते. चैतन्य आक्रसून एकावर एक दुमडलं की तेवढ्याच जागेत जास्त मावतं, त्या दाटपणासाठी त्याने लॅटिनवरून शब्द घडवलाय. मी ‘सांद्रता’ लिहिलंय.

---

तर्ककर्कश | गुरुवार, रात्री ११.४०

सांद्रता बरोबर आहे, पण प्रयोगशाळेचा वास येतो. ‘घनता’ तर नकोच, वजन आठवतं.

---

उसाचा फड | शुक्रवार, पहाटे ५.३०

काहिलीत रस आटत येतो तेव्हा आम्ही ‘दाटी आली’ म्हणतो. रस तोच, जागा कमी.

---

हळदकुंकू | शुक्रवार, सकाळी ८.१५

बासुंदी.

---

पानगळ | शुक्रवार, सकाळी ९.००

दाटी ठेवली. पाठवला लेख.

---

खडूस काका | शुक्रवार, सकाळी ९.२०

बासुंदी आमच्याकडे आधीपासून होती.